साइडकारची जुनी गाडी: चांदणी चौकाचा चढ तिला झेपतो का?

रविवारी सकाळी बावधनच्या रस्त्याला दहा मिनिटं उभं राहिलं, की पुण्यातल्या निम्म्या दुचाकी बघून होतात. चांदणी चौकातून पौड, मुळशी, ताम्हिणीकडे निघालेल्या गाड्यांची रांगच लागते. त्यात कधीतरी एखादी साइडकार लावलेली जुनी बुलेट येते, नाहीतर डाव्या बाजूला होडीसारखा डबा अडकवलेली बजाजची स्कूटर. लोक माना वळवून बघतात, मोबाईल बाहेर येतात. आणि घरी गेल्यावर एखाद्याच्या डोक्यात किडा वळवळायला लागतो: आपणही एक घ्यावी का?

त्यांच्यासाठीच हा लेख. जुनी साइडकार किती भरवशाची असते, किती पळते, कुठे दगा देते आणि कायदा तिच्याबद्दल काय म्हणतो, हे एकदा नीट समजून घेऊ.

थोडक्यात उत्तर आधीच देऊन टाकतो. इंजिन सहसा दगा देत नाही. दगा देतात ते साइडकार जोडणारे लोखंडी हात, चाकांचे आरे, ब्रेक आणि सगळ्यात जास्त म्हणजे चालवणाऱ्याच्या दुचाकीच्या सवयी.

ही जोडगोळी आली कुठून?

मोटारसायकल आणि साइडकारची जोडी विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीची. तेव्हा मोटार घेणं श्रीमंतांचं काम होतं. मोटारसायकल परवडायची, पण बायकामुलांना कुठे बसवायचं? मग बाजूला एका चाकावरची खुर्ची जोडायची युक्ती निघाली. इंग्लंडमध्ये ही युक्ती इतकी रुजली, की आयल ऑफ मॅनच्या प्रसिद्ध शर्यतीत 1923 साली साइडकारसाठी वेगळी स्पर्धा सुरू झाली. ती पहिली स्पर्धा फ्रेडी डिक्सनने जिंकली. त्याची साइडकार वळणावर कलवता येत असे. हे आत्ताच लक्षात ठेवा, कारण साध्या साइडकारचं खरं दुखणं हेच आहे: ती कलत नाही.

युद्धात जर्मनांनी बीएमडब्ल्यू आर 75 आणि झुंडाप केएस 750 अशा गाड्या वापरल्या. त्यांत साइडकारच्या चाकालाही इंजिनाची ताकद मिळायची, शिवाय रिव्हर्स गिअर होता. रशियातली उरल ही जुन्या बीएमडब्ल्यूच्या नमुन्यावरून निघालेली गाडी तर आजही बनते. 2022 पासून तिची जुळणी कझाकस्तानात होते. बाकीच्या जगात मात्र स्वस्त मोटारींनी साइडकार संपवली. इंग्लंडमध्ये 1922 ची ऑस्टिन सेव्हन आणि नंतर 1959 ची मिनी. आपल्याकडे हेच काम 1983 च्या डिसेंबरमध्ये आलेल्या मारुती 800 ने केलं, जरा सावकाश.

आपली साइडकार म्हणजे स्कूटरची

साइडकार म्हटलं की शोले आठवतो. 1975 च्या त्या सिनेमातली गाडी बीएसए डब्ल्यूएम 20, म्हणजे युद्धकाळातली ब्रिटिश लष्करी मोटारसायकल. गाण्यात साइडकार सुटून वेगळ्या वाटेने जाते आणि फिरून परत येऊन जोडली जाते. एका चाकाचा डबा असा एकटा धावू शकत नाही, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. पण गाणं बघताना कुणाला ते आठवत नाही, हेही खरं.

महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाची साइडकार मात्र बुलेटला नव्हती, स्कूटरला होती. आकुर्डीत बजाजने व्हेस्पाच्या परवान्यावर स्कूटर बनवायला सुरुवात केली. पियाजिओबरोबरचा करार 1971 मध्ये संपला आणि 1972 मध्ये चेतक आली. त्यानंतर सातारच्या महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया आली. ही कंपनी 1975 ची, पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज यांच्या भागीदारीतली. स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून थांबायचे ते दिवस. एवढी वाट बघून मिळालेली गाडी दोन पोरं झाली म्हणून कोण विकणार? मग डाव्या बाजूला साइडकार यायची. आजी किंवा दोन मुलं डब्यात, आई मागे, पिशव्या पायाशी.

या स्कूटरची एक गंमत म्हणजे तिचं इंजिन उजव्या बाजूला असतं. त्यामुळे एकटी स्कूटर थोडी उजवीकडे जड. डावीकडे साइडकार लावली की तोल उलट अंगाने सावरतो. साइडकारचं चाकही सहसा स्कूटरच्याच मापाचं असायचं, म्हणजे एकच स्टेपनी तिन्ही चाकांना चालायची. ज्याने कुणी हे ठरवलं, त्याला शंभर गुण.

एक गोष्ट मात्र साइडकारवाल्यांना करता यायची नाही. सकाळी स्कूटर सुरू झाली नाही, की तिला उजवीकडे-डावीकडे कलती करून मग किक मारायची, हा संस्कार घरोघरी होता. साइडकार जोडलेली स्कूटर कलणार कशी? त्यांना कार्बोरेटर आणि प्लग मुळातच नीट ठेवावे लागायचे.

चढ: हिशेब करून बघू

चेतकचं इंजिन 145 सीसीचं, ताकद साधारण साडेसात अश्वशक्ती. आता चांदणी चौकासारखा चढ घ्या. समजा रस्ता दर 100 मीटरला 6 मीटर चढतो. स्कूटर 110 किलो आणि चालवणारा 65 किलो, म्हणजे 175 किलो. तासाला 40 किलोमीटरने हा चढ चढायचा, तर चाकावर साधारण पावणेतीन अश्वशक्ती पुरते. बाकीची शिल्लक.

आता साइडकार लावा, ती 50 किलो. आई आणि दोन मुलं मिळून 110 किलो. एकूण वजन 335 किलो. डब्यामुळे वाऱ्याचा अडथळाही वाढला. त्याच चढावर त्याच वेगाला आता 5 अश्वशक्तीच्या आसपास लागते. इंजिनाची साडेसात अश्वशक्ती पूर्ण फेऱ्यांवर मोजलेली असते, आणि गिअरपर्यंत, चाकापर्यंत पोहोचताना त्यातली थोडी गळते. म्हणजे हाताशी फारसं काही उरत नाही. त्यामुळे स्कूटर चढ चढते, पण दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, किंचाळत, तिशीच्या वेगाने. मागे डंपर लागला की चालवणाऱ्याला घाम फुटतो.

बुलेटला हे सोपं जातं. जुन्या 350 बुलेटचं इंजिन 346 सीसीचं, ताकद 18 अश्वशक्ती, आणि कमी फेऱ्यांवरच चांगली ओढ. शिवाय बुलेटला साखळी असते, त्यामुळे पुढचं दातेरी चाक एक-दोन दात लहान बसवलं की सगळे गिअर ओझं ओढण्याजोगे होतात. वरचा वेग कमी होतो, पण साइडकारसोबत तो हवाय कुणाला? स्कूटरला ही सोय नाही. तिचं मागचं चाक थेट इंजिनाच्या गिअरवरच बसलेलं असतं, मध्ये साखळीच नाही.

व्यवहारात सांगायचं तर साइडकारची चेतक सपाटीवर 40-45 ला सुखी असते आणि साइडकारची बुलेट 60 ला. त्याहून जोरात जाता येतं, पण मग गाडीतलं काहीतरी खिळखिळं होतच असतं. नव्या 750 सीसीच्या उरलला साधारण 40 अश्वशक्ती असते आणि तीही काही वाऱ्याशी शर्यत लावत नाही.

चढापेक्षा उतार वाईट. 40 च्या वेगातून थांबायचं तर दुप्पट वजनाला दुप्पट उष्णता ब्रेकमध्ये जिरवावी लागते, आणि जुन्या गाड्यांचे ड्रम ब्रेक तापले की पकड सोडतात. टू-स्ट्रोक स्कूटरमध्ये आणखी एक खोच आहे. तिचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. लांब उतारावर अॅक्सिलरेटर पूर्ण बंद करून, खालच्या गिअरमध्ये गाडी सोडली, की इंजिन जोरात फिरत राहतं, पण पेट्रोल जात नाही म्हणून ऑइलही जात नाही. पिस्टन तापून जाम होतो. म्हणून जुने लोक घाट उतरताना मधूनमधून थोडा थोडा अॅक्सिलरेटर द्यायचे. बघणाऱ्याला वाटायचं उगाच रेस करतोय.

वळण: इथे जिवाशी गाठ आहे

दुचाकी वळताना कलते, म्हणून तोल राहतो. साइडकारची गाडी कलत नाही, आणि चारचाकीसारखी दोन्ही बाजूंनी सारखीही नसते. डावं वळण आणि उजवं वळण यांत तिचं वागणं पूर्ण वेगळं असतं.

आपल्याकडे साइडकार डावीकडे. डावीकडे वळताना गाडी उजवीकडे उलटू पाहते, आणि तिला धरून ठेवायला फक्त साइडकारचं वजन असतं. डबा रिकामा असेल तर चाक हवेत उचललं जातं. ढोबळ हिशेब मांडून बघा. गाडी आणि चालवणारा मिळून 180 किलो, साइडकार 60 किलो, गुरुत्वमध्य जमिनीपासून 55 सेंटिमीटरवर. 20 मीटर त्रिज्येच्या वळणावर तासाला 28-29 किलोमीटरला चाक उचलायला लागतं. डब्यात 40 किलोचं वाळूचं पोतं टाकलं, की हीच मर्यादा 35 च्या आसपास जाते. दुचाकीस्वार असं वळण 35 ने सहज घेतो, सवयीने घेतो. घोटाळा तिथेच आहे.

आता दुसरी गोष्ट. वेग वाढवला, की साइडकार मागे राहू पाहते आणि गाडी डावीकडे ओढली जाते. ब्रेक मारला, की साइडकार पुढे जाऊ पाहते आणि गाडी उजवीकडे ओढली जाते. बऱ्याच देशी साइडकारच्या चाकाला ब्रेकच नसतो, त्यामुळे ही ओढ चांगलीच जाणवते.

या दोन गोष्टी एकत्र ठेवा आणि ताम्हिणीतलं एखादं डावं वळण डोळ्यांसमोर आणा. नवखा चालक जरा वेगात येतो. चाक उचललं जातं. तो घाबरतो आणि ब्रेक मारतो. गाडी उजवीकडे खेचली जाते. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, म्हणजे उजवीकडे काय असतं? समोरून येणारी एसटी. चाक खाली आणण्यासाठी हँडल उजवीकडे सोडावं, हे तर पुस्तकी उत्तर आहे, पण त्यासाठी उजवीकडे मोकळा रस्ता लागतो. घाटात तो नसतो. त्यामुळे खरा इलाज एकच: वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावरच वेग कमी करायचा आणि वळणात अंग डावीकडे झोकायचं.

उजवं वळण त्या मानाने बरं, कारण तिथे साइडकार आधाराला असते. पण फार जोरात घेतलं, तर गाडी पुढच्या चाकावर आणि डब्याच्या नाकावर तिरकी ओणवी होते. म्हणूनच साइडकारचं चाक मोटारसायकलच्या मागच्या चाकाच्या रेषेत न ठेवता थोडं पुढे ठेवतात.

आणखी एक सवय मोडावी लागते. दुचाकी वेगात असताना डावीकडे वळवायची, तर आपण नकळत डावं हँडल पुढे ढकलतो, गाडी कलते आणि वळते. ही गोष्ट शरीराला माहीत असते, डोक्याला नसते. साइडकारच्या गाडीत डावं हँडल पुढे ढकललं तर गाडी सरळ उजवीकडे जाते. वीस वर्षं बुलेट चालवलेला माणूस पहिल्या दिवशी नवशिक्यापेक्षा धोकादायक असतो तो यामुळे. नवशिक्याला निदान मोडायला सवयी नसतात.

जोडणी बरोबर आहे का, हे कसं कळणार?

जुनी साइडकार विकणारा रंग दाखवतो, क्रोम दाखवतो. बघायची असते जोडणी.

मोकळ्या सरळ रस्त्यावर हँडल सैल धरून गाडी 30 ने चालवा. ती सतत डावीकडे पळत असेल तर जोडणी चुकली आहे. साइडकारचं चाक मोटारसायकलच्या चाकांना अगदी समांतर नसतं. त्याचं तोंड पुढे किंचित आत, म्हणजे मोटारसायकलकडे झुकलेलं असतं. दोन सरळ अॅल्युमिनियमच्या पट्ट्या घ्या. एक मोटारसायकलच्या दोन्ही चाकांना लावून, दुसरी साइडकारच्या चाकाला लावून जमिनीवर ठेवा. पुढचं अंतर मागच्यापेक्षा एक-दोन सेंटिमीटर कमी भरलं पाहिजे. मोटारसायकल स्वतः उजवीकडे, अगदी किंचित कललेली हवी, कारण आपले रस्ते मधे उंच आणि कडेला उतरते असतात आणि डावीकडच्या उतारावर गाडी आपोआप डावीकडे ओढ घेते. हे दोन हिशेब चुकले, तर टायर काही हजार किलोमीटरांत खवल्यासारखा झिजतो आणि चालवणाऱ्याचे खांदे त्याहून लवकर भरून येतात.

टायरचं आणखी एक. दुचाकीचा टायर गोल असतो, कारण ती कलते. साइडकारची गाडी कलतच नाही, म्हणून टायर मधोमध झिजून चौकोनी होतो. टायर चौकोनी दिसला तर गाडी खरोखर साइडकारसोबत चालली आहे. टायर नवा कोरा गोल असेल तर विकणाऱ्याला विचारा, साइडकार कधी लावली. कदाचित लग्नाच्या वरातीपुरती लावलेली असेल. सध्या फुलं लावून मिरवणाऱ्या साइडकार बऱ्याच फिरतात, आणि त्यांची जोडणी वरातीच्या वेगासाठी ठीकही असते.

काय मोडतं, काय टिकतं

जुन्या बुलेटचं लोखंडी सिलेंडरचं इंजिन सोसणारं असतं. पॉइंट, कंडेन्सर, कार्बोरेटर यांच्या कुरबुरी चालू राहतात, पण त्या रस्त्याच्या कडेला, स्क्रू-ड्रायव्हर आणि सॅण्डपेपरवर निभावतात. आजच्या गाडीसारखा सेन्सर गेला म्हणून टेम्पो बोलवावा लागत नाही. जुन्या गाडीच्या भरवशाचा अर्थ हा असा आहे: ती जास्त वेळा बंद पडते, पण बंद पडून राहत नाही.

साइडकारचा त्रास इंजिनाबाहेर सुरू होतो. दुचाकीच्या चाकाचे आरे वरून येणारं वजन पेलण्यासाठी असतात, बाजूने येणारा दाब त्यांना सोसत नाही. साइडकारची गाडी प्रत्येक वळणावर चाकाला आडवं रेटते. आरे सैल होतात, मग तुटतात. एक तुटला की शेजारच्यांवर भार येतो आणि मग एकदम चार जातात. हँडलचा कोन सेट, मागच्या फोर्कचे बुश, चाकांचे बेअरिंग हे सगळं लवकर झिजतं. क्लच प्लेटा तर विचारूच नका, प्रत्येक सिग्नलला दुप्पट वजन हलवायचं असतं. स्कूटरला आरे नसतात, तिची चाकं पत्र्याच्या बशीची. त्या बाबतीत ती नशीबवान. पण तिचं पुढचं चाक एकाच बाजूने धरलेलं असतं आणि आडवा दाब तिथे जाणवतो.

सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे जोडणीचे क्लॅम्प आणि त्यांच्या जवळचा चेसिसचा भाग. मोटारसायकलची चेसिस मुळात दोन चाकांच्या हिशेबाने बनलेली असते. तिच्यावर बाजूने शे-शंभर किलोचा डबा वर्षानुवर्षं हिसके देत राहिला, की वेल्डिंगच्या कडेला केसासारखी चीर पडते. रंगाखाली ती दिसत नाही. क्लॅम्पजवळ रंग तडकलेला असेल किंवा गंजाची बारीक लाल रेघ असेल, तर तिथे रंग खरवडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. ताज्या रंगाचा जाड थर फक्त तिथेच असेल, तर त्याहून जास्त संशय घ्या. आणि साइडकार कमीत कमी चार ठिकाणी जोडलेली हवी. तीन जोडांवर चालणारी गाडी लोक दाखवतात, आपण बसू नये.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा 1988 मध्ये मोटारसायकलची जी व्याख्या आहे, तिच्यातच सुटी करता येणारी, एक जादा चाक असलेली साइडकार धरलेली आहे. म्हणजे साइडकार लावली म्हणून गाडी रिक्षा होत नाही, कायद्याने ती मोटारसायकलच राहते. याचा तोटाही आहे: मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी आहे, ती तीन चाकं दाखवून टळत नाही.

हेल्मेटच्या कलम 129 मध्ये पूर्वी साइडकारमध्ये बसणाऱ्याला सूट होती. 2019 च्या दुरुस्तीत ती काढून टाकली गेली आणि मोटारसायकलवरून नेल्या जाणाऱ्या चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सांगितलं गेलं. डब्यातल्या आजीलाही.

खरी अडचण कलम 52 ची. आरसी बुकात कंपनीच्या मूळ माहितीपेक्षा वेगळं काही होईल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही, आणि 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही ही बाब कडकपणे धरली. म्हणून आरसीवर साइडकारची नोंद आहे का, हे आधी बघायचं. नोंद नसेल तर रंगरूप कितीही छान असलं तरी आरटीओत विचारल्याशिवाय व्यवहार करू नये. अपघात झाला तर विम्याचा प्रश्न तिथेच अडतो, आणि तेव्हा डब्यात बसलेलं माणूस आपल्याच घरातलं असतं.

गाडी 50 वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल, तर 2021 च्या नियमांप्रमाणे तिची विंटेज म्हणून नोंदणी करता येते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीला 20,000 रुपये लागतात आणि ती 10 वर्षं चालते. पण मग ती गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर. म्हणजे विंटेज नंबर घेऊन दर रविवारी मुळशीला भजी खायला जाणं बसत नाही. ज्यांना खरोखर चालवायची आहे, त्यांनी पन्नाशी न गाठलेली गाडी बघावी आणि 15 वर्षांनंतरची दर पाच वर्षांची पुनर्नोंदणी वेळेवर केलेली आहे का, ते तपासावं.

आणि गाडी घेतलीच, तर पहिल्या दिवशी घरच्यांना बसवू नका. डब्यात 40-50 किलोचं वाळूचं पोतं नीट बांधा, पहाटे एखादं मोकळं मैदान गाठा आणि 20 च्या वेगाने डावीकडे गोल गोल फेऱ्या मारा. थोडा थोडा वेग वाढवत न्या, चाक उचलू द्या, ते खाली कसं येतं ते हाताला कळू द्या. मग पोतं काढा आणि तेच पुन्हा करा. रिकाम्या डब्याने चाक किती लवकर उचलतं, हे एकदा मैदानात अनुभवलं, की चांदणी चौकातून बावधनकडे उतरताना हात आपोआप आधीच ब्रेककडे जातो.